पोताऱ्याखालचे पाय

भिंतीवरच्या बैलाईले पाय नव्हते.

काल सांजच्याले होते. खुरं, गुडघे, सारं साजरं काढेल होतं. आज दुपारी मी गल्लीत आली तं बैल पोटाखालून गायब. गाडीचं चाक गायब. कापूस वेचनाऱ्या बाया कमरेपर्यंत पांढऱ्यात बुडेल. जिलबीवाला म्हातारा जिलबी पाडून राह्यला, पन खाली कढईच नाई, हवेतच पाडून राह्यला. आन शेवटच्या चित्रातली भजेवाली, म्हंजे मीच, तिले पाय नाईत.

सारी भिंत कमरेपर्यंत पांढरीशिप्पट. वरून लाल गेरूचा पट्टा.

खोटं कायले बोलू, काम लय साजरं झालं होतं. कुठी ओघळ नाई, कुठी हाताचा फराटा नाई. माहा जुना धंदा पांढऱ्या मातीचा, तं माह्या नजरेले पयले तेच दिसलं. मंग ध्यानात आलं का आज ग्रुप हाय. आन ग्रुप हे चित्रंच पाह्याले येऊन राह्यला.

मी वॉकची गाईड हाय. वॉक म्हंजे पायी फेरी. बाहेरगावचे पाव्हने वाशिमले गाडीतून उतरतात, मी म्होरं चालतो, ते मागं चालतात. जिथं थांबाचं त्याले स्टॉप म्हनतात. स्टॉपवर जराक खाचं, जराक चित्र पाहाचं, माही गोठ आयकाची आन म्होरं सरकाचं. जराक खाचं त्याले टेस्टिंग प्लेट म्हनतात. द्रोनात मावन तेवढंच. पोट भरू द्याचं नाई, नाई तं दुसऱ्या स्टॉपवर पाव्हना नुसता पान्याच्या गिलासाकडं पाह्यते. आन भिंतीवरच्या मोठ्या चित्राले म्युरल म्हनतात. हा शब्द माह्या तोंडात बसाले लय दिवस लागले. अजूनही कधी मधी मुरलीच निघते.

माही शाळा दुसरीपर्यंत. गळ्यात कार्ड असते त्याच्यावर माहं नाव लिहेल हाय, ते मले ओळखू येते. बाकीचं सारं तोंडपाठ.

गल्लीच्या एका अंगाले कापसाच्या जुन्या जिनिंगची लांबच लांब भिंत हाय. जिनिंग कवाची बंद पडली. तिच्या सावलीत आमच्या गाड्या लागतात. माही भज्याची, वंदनाची सांबारवडीची, सलीमभाईची जिलबीची, आखीन दोघाचौघाइच्या. भिंतीवर चित्रं काढाले मॅडमनं एक पोट्टी आनली होती. तिनं आमाले पाहून पाहूनच चित्रं काढले. जिलबीवाला म्हातारा तेवढा सलीमभाईचा आजा, फोटोवरून काढेल.

मॅडम म्हंजे पल्लवी मॅडम. अकोल्याच्या. नागपूरच्या एका टूरच्या कंपनीत हायेत. एक डाव माह्या गाडीवर भजे खाले आल्या. मी बाजूच्या एका गिऱ्हाईकाले सांगून राह्यली होती का जिलबी कोनाची खाचं आन कायले खाचं. मॅडम म्हने, "आजी, तुम्ही हेच काम माझ्यासाठी कराल का?" मले वाटलं पोरगी थट्टा करून राह्यली.

थट्टा नव्हती.

आता त्या दिवशीचं. आमच्या गाड्या उठवाचं चालू होतं. रस्त्याले अडचन होते म्हने. स्टँडच्या मागं मोकळं मैदान हाय, तिथं जा म्हने. तिथं झाड नाई, सावली नाई, गिऱ्हाईक तं नाईच. मॅडमनं नगरपालिकेच्या वरच्या ऑफिसात बोलून ठेवलं होतं. या गल्लीत वॉक कायमचा चालू झाला, बाहेरचे लोक येऊ लागले, तं गाड्या जागीच राहू देतो, असं ते म्हनले होते. आन वॉक चालू कराचा का नाई, ते कंपनीचे मोठे साहेब ठरवनार होते. ते त्या दिवशीच्या ग्रुपसंग सोता येनार होते. त्याले ट्रायल म्हनतात. पसंत पडलं तं गल्ली राह्यली. नाई पडलं तं मैदान.

एवढं सारं त्या भिंतीवर होतं. आन भिंत पोतारेल.

"वंदे," मी म्हनलं, "हे काय केलं वं?"

वंदना कढईत सांबारवडी सोडून राह्यली होती. तिच्या कोपरापर्यंत पांढरी माती वाळेल. चेहरा असा का आता कोनी पाठीवर थाप मारन.

"साजरी झाली ना मावशी? पहाटीच उठलो आमी. माती माह्या सासूनं मेडशीऊन आनून ठेवली होती. दिवाळीले ठेवली होती. म्हनलं, आता यापेक्षा मोठे पाव्हने कोनते येतात."

"पन तुले हे कोनं सांगतलं?"

"मॅडमनं. तुया फोन बंद होता तं मले लावला. म्हने, मोठे साहेब येनार हायेत, भिंतीपाशी घान नोको, भिंत नीट करून ठेवा. मी नीट केली."

मॅडमले म्हनाचं होतं, भिंतीपाशी पडेल कागद-द्रोन उचला. पन आमच्याकडं पाव्हने येनार आन भिंत नीट करा म्हनलं तं त्याचा एकच अर्थ होते. पोतारा. पोतारा म्हंजे पांढरी माती भिजवाची, फडक्यानं भिंतीले फिरवाची. लगन असो, सन असो, पोरगी पाह्याले येऊन राह्यले असो, पयले भिंत पोतारली पायजे. भिंत न पोतारता पाव्हना घेतला तं चार बाया नाव ठेवतात. वंदनाचं काय चुकलं. मीच तिथं असती तं मीही फडकं घेतलं असतं.

"अवं, पन चित्र गेलं ना खालचं."

वंदनानं तवा भिंतीकडं पाह्यलं. खरं सांगतो, तोपर्यंत तिनं चित्र म्हनून पाह्यलंच नव्हतं. भिंत म्हनून पाह्यलं होतं.

"पन मावशी," ती हळूच म्हने, "खाली सारं कायंकुट्ट झालं होतं. तेलाचा धूर, कुत्र्याचं. आन तुया पायावर कोनी पान थुकेल होतं. लाल लाल. मी म्हनलं, पाव्हन्यानं ते पाह्यलं तं काय म्हनन?"



सलीमभाई भट्टीपाशी बसून आयकत होता. "खाला," तो म्हने, "बैल तो डूब गये. माहा आजा तेवढा वाचला. त्याले पोहता येत होतं."

"तू गप ऱ्हाय रे."

"मी गपच हाय. आजाच बोलून राह्यला वरून."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्याइनं भिंत पाह्यली आन खालीच बसल्या, भज्याच्या तेलाच्या पिप्यावर. त्याइची चांगली इस्त्रीची सलवार होती.

"आजी, हे काय आहे?"

"पोतारा."

"कोणी केलं?"

वंदनाचा झारा कढईत थांबला. मी म्हनलं, "आमी केलं."

मॅडम काय ओरडल्या नाईत. ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं.  मंग म्हनल्या, "धुवून निघेल का?"

"माती हाय. पान्यानं निघते."

"मग धुवा ना पटकन. गाडी स्टँडपाशी आलीये, ते चहा घेताहेत."

"पानी कुठी हाय? नळ परवा येऊन गेला. आता कवा येते देव जाने. माह्यापाशी पियाचा कॅन हाय, वंदनापाशी एक बकेट हाय. एवढी भिंत त्यात निघत नाई. आन अर्धी धुतली तं चिखल होते, गाड्याइच्या खाली जाते, पाव्हन्याइच्या बुटाले लागते. आता हाय ते निदान कोरडं हाय."

मॅडमनं डोकं धरलं. "आजी, सरांना मी फोटो पाठवलेत. ते फोटो बघूनच यायला तयार झालेत. आता त्यांना काय दाखवू?" मंग जराशानं त्याच म्हनल्या, "असं करू. कोणी विचारलं तर सांगा, रिस्टोरेशन चालू आहे."

"ते काय असते?"

"म्हणजे चित्रांची दुरुस्ती. काम चालू आहे, म्हणून खालचा भाग झाकलाय. एवढंच सांगायचं. बाकी मी बघते."

मी बरं म्हनलं. माह्या तोंडाले तो शब्द येतच नव्हता, म्हनून मी ठरवलं, काम चालू हाय एवढंच म्हनाचं.

ग्रुप आला. पाव्हने टोप्या घालून, कॅमेरे घेऊन. एक बाई बंगलोरच्या, त्याइले मराठी समजे पन बोलत हिंदीत. आन मोठे साहेब. उंच, सावळे, केस पांढरे. हसत नव्हते. गाईडच्या कामात माह्या एक गोठ ध्यानात आली हाय. ग्रुपमंधी जो हसत नाई त्याच्याकडं पाहून बोलाचं नाई. त्याच्याकडं पाह्यलं का आपले शब्द पळतात. मी बंगलोरच्या बाईकडं पाहून चालू केलं.

पयला स्टॉप वंदनाचा. मी सांगतलं, ही सांबारवडी. बंगलोरच्या बाईनं द्रोनात पाह्यलं, खालून पाह्यलं, मंग म्हनल्या, "सांबार किधर है?"

"यही है बाई. अंदर है."

"अंदर तो धनिया है."

"वही सांबार. आमच्याकडं कोथिंबिरीले सांबार म्हनतात."

"तो सांबार को क्या बोलते हैं?"

सलीमभाई तिकडून म्हने, "उसको हम नहीं बोलते, वही आके बोलता है."

सारे हसले. साहेब हसले नाईत. पन त्याइनं वडी सारी खाल्ली आन द्रोन वंदनाच्या डब्यात टाकला, खाली नाई. मी ते पाह्यलं.

मंग त्याइनं मान वर केली. वंदनाच्या गाडीच्या मागं कापसाचं चित्र. कमरेपर्यंत पांढऱ्यात बुडेल बाया. तिथं मातर पोतारा आन चित्र असं जुळून आलं होतं का वाटे, कापसाचाच ढीग हाय. म्हनून कोनी काय इचारलं नाई. एका पाव्हन्यानं तं फोटोही काढला. मी मनात म्हनलं, एक निघालं.

दुसऱ्या चित्रापाशी आमी थांबलो. बैलगाडीचं. बैलाईचे तोंडं मोठे रुबाबदार, शिंगाले गोंडे. पोटाखाली गेरूचा पट्टा आन पांढरं. साहेबानं खिशातून फोन काढला. फोटो पाह्यला. भिंत पाह्यली. पुन्हा फोटो.

"पल्लवी, फोटोत असं नव्हतं."

मॅडम म्हनल्या, "हो सर, ते..." आन माह्याकडं पाह्यलं.

आता मी काम चालू हाय म्हनाचं होतं. तोंड उघडलंही. पन वंदना माह्या मागंच उभी होती, गाडी सोडून आमच्यामागं आली होती. तिचे हात पदराखाली लपवेल. जिनं मंगाशी हे हात मले दाखवले होते, तीच आता ते लपवून उभी होती. मले ते पाहावलं नाई. आन दुसरं म्हंजे, वंदनाची सासू मेडशीऊन माती आनते, ते दुरुस्तीचं काम नव्हतं. जे नाई ते मी कसं सांगू. आतापर्यंत पाव्हन्याले जे सांगतलं ते सारं खरं सांगतलं, म्हनून ते याद राह्यते. खोटं सांगाले लागली तं मले पाठ करावं लागन.

"काम चालू नाई साहेब," मी म्हनलं. "काम झालं. पोतारा देल्ला."

"कशाला?"

"तुमी येनार म्हनून."

मॅडमनं डोये मिटले.

साहेब म्हने, "आम्ही चित्र बघायला येणार, म्हणून तुम्ही चित्र झाकलं?"

"चित्र नाई झाकलं. घान झाकली. चित्र मधात आलं."

कोनी तरी मागं हसलं. साहेब नाई हसले.

"साहेब," मी म्हनलं, "तुमच्याकडं पाव्हने येनार असले तं तुमी काय करता?"

"फरशी पुसतो."

"आमची जमीन मातीची, ते सारवतो. भिंत पोतारतो. फरशी पुसताना एखाद्या कागदावर पानी सांडते. तसं झालं. चित्र नवं हाय, पोतारा जुना हाय. हाताले जुनं याद राह्यते."

साहेब भिंतीपाशी गेले. बोट लावलं. बोटाले पांढरं लागलं, ते अंगठ्यानं चोळून पाह्यलं. मंग गेरूच्या पट्ट्याकडं लय वेळ पाहत राह्यले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा सरळ, जराही वर नाई, जराही खाली नाई.

"ही रेघ दोरी धरून मारली का?"

"दोरी कायले पायजे," वंदना मागून म्हने. "हातानंच." मंग तिच्या ध्यानात आलं का आपन बोललो. ती सलीमभाईच्या गाडीमागं सरकली.

सलीमभाई म्हने, "आता लपून काय फायदा, वंदनाबाई. हात तं पांढरेच हायेत."

साहेबानं त्या गाडीमागं पाह्यलं.  आमी म्होरं सरकलो.

तिसऱ्या स्टॉपवर जिलबी. सलीमभाईनं गरम गरम देल्ली. तिथं त्याच्या आज्याचं चित्र, हवेत जिलबी पाडनारं. सलीमभाईनं सोताच सांगून टाकलं, "कढई नीचे है, भिंत के अंदर. रात को आके खाता है बुढ्ढा." पाव्हने खुश झाले. मी पाहत होती मॅडमकडं. त्या फोनमंधी पाहत होत्या, पन फोन बंद होता.

चौथं चित्र माहं. माह्या गाडीच्या बरोबर मागं. भजेवाली बाई उभी, हातात झारा, डोक्यावर पदर, नजर कढईत. चेहरा माहा हुबेहूब. गेरूच्या पट्ट्याखाली काय नाई.

त्या स्टॉपवर मी माही सोताची गोठ सांगतो. ती अशी. माहा नवरा तापानं गेला तवा मी मेडशीले होती. लेकरं लहान. शेत नाई. नदीच्या काठची पांढरी माती मी खनून आनत होती. टोपल्यात भरून डोक्यावर घेऊन गावोगाव इकत होती. केनवड, रिठद, जिथं रस्ता जाईन तिथं. दिवाळीच्या तोंडावर लय खपे. चप्पल नव्हती. मातीनं टाचा फुटत. मातीच त्या भेगाईत भरून ऱ्हाये, धुतली तरी निघत नसे. मंग एकीनं सांगतलं, वाशिमले भज्याची गाडी लाव, माती खाता येत नाई पन भजे खाता येतात. मी लावली. पयल्या वर्षी तेल उडून हा हात भाजला, हा डाग त्याचा. लेकरं शिकले. एवढीच गोठ. मी ती दर डाव तशीच सांगतो, रडत नाई, रडवत नाई. पाव्हने खाले आले असतात.

सांगून झालं तं साहेब म्हने, "आणि हिचे पाय?"

मले आधी समजलं नाई. मी लुगडं जराक वर केलं, म्हनलं, "हे काय साहेब."

"तुमचे नाही. भिंतीवरचे. फोटोत होते."

तवा मले ते आठवलं. चित्र काढनाऱ्या पोट्टीनं मले एक डाव पायापाशी बोलावून दाखवलं होतं. त्या ठिकानी भिंतीचा गिलावा फुटेल होता, भेगा गेल्या होत्या. मजुरानं भरू म्हनलं तं पोट्टी म्हने नोको. तिनं त्या भेगा तशाच ठेवल्या आन माह्या टाचा बरोबर त्याच्यावर काढल्या. भिंतीची भेग तीच टाचेची भेग.

मी काय इचार केला नाई. गाडीखालून पियाचा कॅन काढला, लोटा भरला. पाव्हना दारात आला तं त्याले पाय धुवाले पानी देतात. मी ते पानी भिंतीवरच्या बाईच्या पायावर टाकलं, हळूहळू, आन पदराच्या शेवानं पुसलं. माती उतरली. पयले बोटं दिसले, मंग जोडवे, मंग टाचा. पानाचा डागही नव्हता, वंदनानं तो आधीच घासून काढेल होता.

भेगाईतली माती मातर निघाली नाई. पानी टाकलं तरी निघाली नाई. रंगीत पाय, आन त्याच्यात पांढऱ्या पांढऱ्या रेघा.

मी केनवडच्या रस्त्यानं चालत होती तवा माहे पाय असेच दिसत. चित्र काढनारीनं ते पाह्यलं नव्हतं. तिले माहीतही नव्हतं. ते वंदनानं काढलं, न पाहता.

 बंगलोरच्या बाईनं फोन वर उचलला, मंग फोटो न काढताच खाली घेतला.

मी लोटा खाली ठेवला आन कढई तापवाले लागली. कांदा पिठात भिजवेल होता. माहा शेवटचा स्टॉप हा खान्याचा, आन भजे गरमच द्या लागतात. साहेबानं द्रोन हातात घेतला, एक भजं खाल्लं, दुसरं खाल्लं. मंग मिरची मांगतली. मिरची मांगनारा मानूस पसंतीवर आला असं आमी समजतो.

खाऊन झाल्यावर ते मॅडमले म्हने, "पुढच्या महिन्यापासून ग्रुप पाठवतो. भिंत अशीच असू द्या."

मॅडम म्हनल्या, "अशीच म्हणजे, सर?"

"अशीच म्हणजे अशीच. आणि त्या रेघवाल्या बाईंना सांगा, पुढच्या वेळी आम्ही आल्यावर करा. आम्हाला बघायचंय."

वंदना गाडीमागून म्हने, "बघाले कायले, फडकं देतो, करा." आन मंग तोंडावर हात ठेवला.

साहेब तवा हसले. त्या दिवसात एकदाच.

गाड्या जागीच राह्यल्या. वरच्या ऑफिसातून कागद आला, मॅडमनं वाचून दाखवला. मैदानात आता क्रिकेट खेळतात, ते त्यासाठीच बरं हाय.

चित्र काढनाऱ्या पोट्टीले कोनी तरी फोनवर सांगतलं. ती मंग रागानं आली. तिचा राग बराबर होता, तिची मेहनत होती ती. भिंतीपाशी लय वेळ उभी राह्यली, माह्या पायापाशी उकिडवी बसली, भेगाईवरून बोट फिरवलं. मंग वंदनाले इचारलं, "हा पट्टा तुम्ही दर वेळी एवढाच उंच घेता का?" वंदना म्हने, "हात वाकून जितका पुरन तितका." पोट्टीनं पट्टी लावून मोजलं. गल्लीच्या दुसऱ्या अंगाले जे नवे चित्रं काढले, ते सारे त्या उंचीच्या वरून काढले. खालची जागा वंदनाइले सोडली.

आता वंदनाचा पोतारा हाही एक स्टॉप हाय. पाव्हने बाह्या वर करून फडकं फिरवतात, ओघळ पाडतात. वंदना मागून पुसत जाते आन त्याइले बोलते. "तुमच्या घरी भिंती हायेत का नाई?" असं तिनं एका डॉक्टरले इचारलं. तोही हसला, आन पुन्हा आला, बायकोले घेऊन.

बैलाईचे पाय मातर आमी धुतले नाईत. दर ग्रुपमंधी कोनी तरी इचारतेच, बैलाचे पाय कुठी गेले. सलीमभाई कधी चिखलात म्हनते, कधी उसाच्या रसाच्या गाडीवर म्हनते.

या कामातून मी जे शिकली ते सांगतो. पाव्हने येनार असले तं काय कराचं ते मानसाले सांगा, पन काय नाई कराचं तेही सांगा, कारन चांगल्या मानसाचा हात थांबत नाई. आन खान्याच्या गल्लीत चित्र काढाचं असन तं कमरेच्या वर काढा. खालचं तेलाचं, कुत्र्याचं आन पोताऱ्याचं.

माहे पाय तेवढे सोडून. ग्रुप येनार असला का वंदना आजूबाजूनं फडकं फिरवते, आन पायापाशी आली का मले हाक मारते. मी लोटा घेऊन जातो.